थरच्या वाळवंटातला पाखरांचा हिवाळा

कांड्या करकोचा मंगोलिया किंवा कझाकस्तानच्या गवताळ मैदानातून निघतो, तीन-चार हजार किलोमीटर उडतो, त्यातले बरेच थवे हिमालय ओलांडतात, आणि एवढे करून ते उतरतात राजस्थानात, थरच्या वाळवंटात. पहिल्यांदा ऐकताना हे पटत नाही. इतक्या कष्टाने आलेल्या पक्ष्याने एखादे हिरवेगार खोरे गाठायला हवे, असे आपल्याला वाटते. पण करकोचा या वाटेवर एकटा नाही. मध्य आशियातले गरुड, हिमालयापलीकडची गिधाडे, भोवत्या, रणगोजे, तिलोर, काळ्या पोटाच्या पखुर्ड्या असे कितीतरी पक्षी दर हिवाळ्यात इथे मुक्कामाला येतात. इतक्या वेगवेगळ्या जाती वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी येत असतील, तर त्या जागेत आपल्याला न दिसलेले काहीतरी असणारच.

ते काय आहे, हे समजून घेऊन थरला गेले तर सहल कितीतरी अधिक फळते. नाहीतर जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर उंटावर बसायचे, सूर्यास्ताचे फोटो काढायचे आणि परतायचे, एवढेच होते.

वाळवंटात पोट भरते कसे?

थरचा पसारा सुमारे २ लाख चौरस किलोमीटरचा. त्याचा मोठा भाग राजस्थानात आहे आणि पश्चिमेकडचा भाग पाकिस्तानात. आपल्या डोळ्यांसमोर येणाऱ्या वाळूच्या टेकड्या हा या प्रदेशाचा एक भाग झाला. बाकीच्या जमिनीवर खडकाळ पठारे आहेत, मुरमाड सपाटी आहे आणि गवताची विस्तीर्ण राने आहेत. जैसलमेरला वर्षाकाठी २०० मिलिमीटरच्या आतच पाऊस पडतो. आपल्या दुष्काळी सोलापुरातही त्याच्या तिपटीहून अधिक पडतो. पण हा थोडका पाऊस जुलै ते सप्टेंबर एवढ्याच काळात येतो आणि गवत त्याचा थेंबन् थेंब वापरून घेते.

या गवतांचा राजा म्हणजे सेवण. जैसलमेर-बाडमेरकडच्या रानात गेलात तर सेवणचा एक झुबका गुडघे टेकून जवळून पाहा. त्याची मुळे आजूबाजूची वाळू घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे बुडाशी छोटासा उंचवटा तयार झालेला असतो. वाऱ्याने उडणारे बी या उंचवट्याला अडते आणि तिथेच साचते. त्या बियांसाठी मुंग्या येतात, भुंगे येतात, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात वाळूवर त्यांच्या पावलांच्या बारीक नक्ष्या स्पष्ट दिसतात. झुबक्याच्या आडोशाला चंडोल किंवा काळ्या डोक्याची डोंबारी अंग चोरून बसलेली असते, वारा लागू नये म्हणून. थोड्या अंतरावर वाळवंटी उंदरांची बिळे असतात. बी, कीटक, उंदीर, सरडे आणि त्यांच्यावर जगणारे शिकारी पक्षी, ही सगळी साखळी त्या एका झुबक्यापासून सुरू होते.

पाऊस संपतो तेव्हा ही शिदोरी भरलेली असते. नेमक्या त्याच वेळी मध्य आशियात थंडी पडू लागते. जमीन गोठते, बर्फाखाली बी आणि उंदीर दोन्ही दिसेनासे होतात. पिसांच्या आवरणामुळे पक्षी थंडी बऱ्यापैकी सोसतो, उपासमार मात्र त्याला सोसत नाही. म्हणून तो दक्षिणेकडे निघतो. थरमध्ये डिसेंबर-जानेवारीत दिवसाचे तापमान तेवीस-चोवीस अंशांच्या घरात असते. रात्री पारा सात-आठ अंशांवर येतो, मोकळ्या रानात त्याहूनही खाली जातो. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि नजर पोहोचेल तिथपर्यंत उघडी जमीन. उंचावरून शिकार हेरणाऱ्या गरुडाला आणि दुरूनच धोका ओळखू पाहणाऱ्या करकोच्याला यापेक्षा सोयीची जागा सापडणे कठीण.

मध्य आशियातून भारताकडे येणाऱ्या या हवाई वाटेला अभ्यासक मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. सुमारे ३० देशांवरून जाणाऱ्या या मार्गावर थर हा मोठा मुक्काम आहे. अनेक पक्षी इथूनच पुढे गुजरातेत, महाराष्ट्रात आणि दख्खनच्या पठारावर पांगतात. आपल्या माळरानांवर हिवाळ्यात दिसणाऱ्या भोवत्या आणि रणगोजे याच वाटेचे प्रवासी.

खीचन: गावाने सांभाळलेले करकोचे

जोधपूरहून जैसलमेरच्या वाटेवर फलोदी लागते. फलोदीला लागूनच खीचन आहे. लाल दगडांच्या जुन्या जैन हवेल्यांचे हे गाव आज जगभरच्या पक्षीमित्रांना ठाऊक आहे, ते कांड्या करकोच्यांमुळे. मारवाडीत त्यांना कुरजां म्हणतात. परदेशी गेलेल्या नवऱ्याला कुरजांमार्फत निरोप धाडणाऱ्या बाईची लोकगीते मारवाडात घरोघरी गायली जातात. पक्षी हिवाळ्यापुरता येतो आणि पुन्हा जातो, हे तिथल्या माणसांनी फार पूर्वीच हेरले होते.

खीचनची आजची प्रथा मात्र अर्ध्या शतकाइतकीच जुनी आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गावातले रतनलाल मालू पारव्यांना दाणे टाकू लागले. त्या दाण्यांवर थोडे करकोचेही उतरले. पुढच्या हिवाळ्यात ते वाढले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आणखी वाढले. कुत्र्यांचा त्रास होऊ लागला तेव्हा गावाने जागा दिली आणि तिला कुंपण घालून चुग्गाघर उभे राहिले. आज हंगामाच्या भरात इथे जमणाऱ्या करकोच्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास जाते. रोज कित्येक पोती ज्वारी लागते आणि ती देणग्यांतून येते. जून २०२५ मध्ये खीचनला रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले.

इथली सकाळ पाहायची तर उजाडण्याआधी चुग्गाघराशेजारच्या एखाद्या गच्चीवर जाऊन बसावे. आधी आवाज येतो, मग क्षितिजावर रेघा उमटतात. थवे एकदम आत उतरत नाहीत. गावाभोवती घिरट्या घालतात, बाहेरच्या रेताड मोकळ्या जागेत उतरतात, मान उंच करून चहूकडे पाहतात. पहिल्या काही धीट पक्ष्यांनी कुंपणाच्या आत पाय ठेवला की बाकीचे तुकड्या-तुकड्यांनी येतात. एक तुकडी खाऊन उठते, दुसरी उतरते. ऊन चढले की सगळे गावाबाहेरच्या तलावांवर पाणी प्यायला आणि विसावायला जातात.

दुर्बीण घेऊन एकेका पक्ष्याकडे पाहिले तर गर्दीतली घरे ओळखू येतात. प्रौढ करकोच्याचे अंग राखाडी, मान काळी आणि त्या मानेची लांब काळी पिसे छातीवर लोंबणारी. लाल डोळ्यामागून पांढऱ्या पिसांचा तुरा मागे वळतो. त्याच्या शेजारी फिकट राखाडी डोक्याचा, तुरा जेमतेम फुटलेला पक्षी दिसला तर ते त्याच वर्षीचे पिल्लू. अनेक जोड्या एक किंवा दोन पिल्ले घेऊन आलेल्या असतात आणि अख्खा हिवाळा हे कुटुंब एकत्र राहते. वाट पिल्लाला आईबापांबरोबर उडूनच शिकावी लागते.

ही वाट सोपी नाही. करकोच्यांच्या जगभरातल्या पंधरा जातींत हा सगळ्यात लहान. उंची जेमतेम मीटरभर, वजन दोन ते तीन किलो. हिमालय ओलांडताना त्याला पाच ते आठ हजार मीटर उंची गाठावी लागते. नेपाळमधल्या काली गंडकीच्या दरीतून थवे जातात तेव्हा सोनेरी गरुड त्यांच्यातली थकलेली पाखरे टिपतात. खीचनच्या ज्वारीवर तुटून पडलेला पक्षी इतके सोसून आलेला असतो.

या कौतुकाबरोबर एक काळजीही आहे. हजारो पक्षी रोज एकाच जागी दाटीने खाऊ-पिऊ लागले की रोग पसरायला वेळ लागत नाही. अलीकडच्या वर्षांत पश्चिम राजस्थानात कांड्या करकोच्यांमध्ये बर्ड फ्लूने मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. मेलेले किंवा आजारी पाखरू दिसले तर त्याला हात न लावता वनखात्याला कळवणे हे पाहुण्याचेही काम आहे.

जोडबीड: गिधाडांचे माहेरघर

बिकानेर शहराच्या वेशीवर जोडबीड आहे. शहरातली आणि आसपासच्या गावांतली मेलेली गुरे, उंट इथे आणून टाकतात. नाकाला रुमाल लावावाच लागतो. पण हिवाळ्यात इथे जेवढे शिकारी आणि मृतभक्षी पक्षी एका नजरेत दिसतात, तेवढे देशात फार थोड्या ठिकाणी दिसत असतील. युरेशियन गिधाड, हिमालयीन गिधाड, पांढरे गिधाड आणि सगळ्यांत धिप्पाड असे काळे गिधाड. काळ्या गिधाडाचे वजन चौदा किलोपर्यंत भरते आणि पसरलेले पंख अडीच ते तीन मीटर होतात. जोडीला शेकडो स्टेप गरुड. हा भाग राखीव संवर्धन क्षेत्र म्हणून घोषित झालेला आहे.

इथे फार पहाटे धावपळ करायची गरज नसते. गार हवेत जड पक्ष्याला उडणे परवडत नाही. नुसते पंख मारत राहायचे तर जेवढे खाल्ले त्याहून जास्त शक्ती खर्च होईल. म्हणून गिधाडे सकाळी जमिनीवर किंवा खेजडीच्या शेंड्यावर पंख पसरून ऊन खात बसतात. नऊ-दहाच्या सुमारास जमीन तापते, तापलेली हवा वर चढू लागते आणि तिच्यावर स्वार होऊन ती फारसा पंख न हलवता वर सरकतात. तोपर्यंतचे दोन तास हे निरीक्षकाचे सोन्याचे तास, कारण पक्षी जागचा हलत नाही.

याच वेळात गरुड ओळखायला शिकावे. तपकिरी रंगाचे, सारख्याच आकाराचे दोन गरुड शेजारी बसलेले असतात आणि नवख्याला फरक कळत नाही. अशा वेळी चोचीच्या कोपऱ्याकडे पाहा. तिथून निघणारी पिवळी रेघ डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत गेली असेल तर तो स्टेप गरुड, म्हणजे हजारो किलोमीटरवरून आलेला पाहुणा. ती डोळ्याच्या मध्याशीच थांबली तर इथलाच रहिवासी, पिंगट गरुड. स्टेप गरुड उडाला आणि त्याच्या पंखांखाली लांबलचक पांढरा पट्टा दिसला, तर तो कोवळ्या वयाचा आहे हेही कळते. जागतिक पातळीवर २०१५ पासून स्टेप गरुड संकटग्रस्त मानला जातो, त्यामुळे इथे दिसणारा प्रत्येक पक्षी मोलाचा आहे. जोडबीडच्या झाडांवर हिवाळ्यात पिवळ्या डोळ्यांचे पारवेही रात्रीच्या मुक्कामाला येतात. मध्य आशियातून येणारा हा पारवाही जगभरात घटत चालला आहे.

जोडबीडला गेलेल्या माणसाने डायक्लोफिनॅकची गोष्ट माहीत करून घेतलीच पाहिजे. पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड एके काळी भारतात गावोगावी होते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत त्याची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घसरली. आधी एखाद्या विषाणूचा संशय घेतला गेला. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून खरे कारण सिद्ध झाले. गुरांची सूज आणि वेदना कमी करायला दिले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात उरते, ते गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याचे मूत्रपिंड बंद पडते. भारत सरकारने २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद केल्या. पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या औषधांवरही गुरांसाठी बंदी आली. राजस्थानातल्या अशाच एका जागी मेलेल्या स्टेप गरुडांच्या शरीरातही डायक्लोफिनॅक सापडले आहे. म्हणजे हे विष फक्त गिधाडांपुरते नाही.

मुंबईच्या डुंगरवाडीवर गिधाडे येईनाशी झाली तेव्हा पारशी समाजाच्या अंत्यविधीची शतकानुशतकांची रीत अडचणीत आली. गिधाड गेल्याने माणसाचे काय जाते, याचे उदाहरण महाराष्ट्राला आपल्या घरातच मिळालेले आहे.

पाणी, ओरण आणि माणसे

पखुर्डी सुके बी खाते. सुक्या बियांत पाणी नसते, म्हणून तिला रोज पाणवठ्यावर यावेच लागते. ऊन वर आल्यावर एखाद्या नाडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठाशी आडोसा धरून बसा. लांबून आवाज करत थवे येतात, थोड्या अंतरावर उतरतात, कानोसा घेतात, झटपट पाणी पिऊन निघून जातात. तांबूस पोटाची पखुर्डी इथलीच. काळ्या पोटाची मोठी पखुर्डी मात्र हिवाळी पाहुणी. पखुर्डीच्या नराच्या पोटावरची पिसे खास घडणीची असतात. पिल्ले लहान असताना तो पाण्यात बसून ती पिसे भिजवतो आणि कित्येक किलोमीटर उडत घरट्यापर्यंत जातो. पिल्ले त्या पिसांतून पाणी चोखतात.

वाळवंटात हे पाणी माणसांनी राखलेले आहे. गावोगावच्या नाड्या, टोबे आणि जैसलमेरकडचे खडीन हे त्यासाठीच. खडीन म्हणजे उताराच्या पायथ्याशी घातलेला लांब मातीचा बांध. पावसाचे वाहते पाणी तिथे अडते, जमिनीत मुरते, आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा पिकतो. पालीवाल ब्राह्मणांनी काही शतकांपूर्वी हे तंत्र वाढवले. खडिनात करकोचेही चरतात.

पाण्यासारखेच गवत आणि झाडेही राखलेली आहेत. देवाच्या नावाने सोडलेल्या रानाला तिकडे ओरण म्हणतात. आपल्याकडच्या देवराईचे हे वाळवंटी भावंड. तिथे गुरे चरतात, पण झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही असा दंडक असतो. खेजडी, केर, बोरडी, जाळ ही झाडे ओरणांत जुनी होतात आणि गरुडांना बसायला, घरटी करायला जागा मिळते. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० मध्ये राजाची माणसे खेजडी तोडायला आली, तेव्हा अमृता देवी आणि तिच्यामागून मिळून ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी झाडांना मिठ्या मारून प्राण दिले. चिंकारा आणि काळवीट आजही बिश्नोई गावांच्या शेतांतून निर्धास्त फिरतात. थर हे जगातल्या सर्वाधिक दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे. इतक्या माणसांत इतकी पाखरे टिकली, यात या रिवाजांचा वाटा मोठा आहे.

पण हेच ओरण सरकारदरबारी बहुतेक वेळा पडीक जमीन म्हणून नोंदलेले असते, आणि पडीक म्हटले की ती जमीन कुणालाही देता येते. इंदिरा गांधी कालव्याने पश्चिम राजस्थानात पिण्याचे पाणी आणि शेती आणली, त्याबरोबर सेवणच्या रानांवर नांगरही फिरला. विलायती बाभळीने उघड्या जमिनीवर काटेरी झुडपांची दाटी केली. आता सौर आणि पवनऊर्जेचे प्रकल्प येत आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातली ओरणे मोजून, त्यांची नोंद करून त्यांना वनाचा दर्जा देण्याचे निर्देश दिले. हे काम जितक्या लवकर पुरे होईल तितके बरे.

माळढोक: थरचा अखेरचा आसरा

जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेले मरुभूमी राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचे आहे. ते १९८० साली घोषित झाले. त्यातल्या सुदासरीच्या कुंपण घातलेल्या गवताळ भागात हिवाळ्यात नशीब असेल तर माळढोक दिसतो. तिकडे त्याला गोडावण म्हणतात आणि १९८१ पासून तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. मीटरभर उंच, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. सेवणमधून तो मोजून पावले टाकत चालतो, मध्येच थांबून नाकतोडा किंवा बोर टिपतो. कोणी जवळ आले की गवतात असा उभा राहतो की समोर असून दिसत नाही.

२०१८ च्या सुमारास भारतभरात मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरले होते आणि त्यातले बहुतेक थरमध्ये. मादी वर्षात साधारणपणे एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. भटकी कुत्री, कोल्हे, कावळे यांच्यापासून ते वाचले तरच पिल्लू. अशा पक्ष्याचे दोन-चार प्रौढ जरी दरवर्षी गेले तरी जात सावरत नाही.

आणि ते जात आहेत विजेच्या तारांमुळे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. आजूबाजूचा शत्रू त्याला उत्तम दिसतो, पण समोरचा दृष्टिपट्टा अरुंद असतो, आणि उडताना तो मान झुकवून खालची जमीन न्याहाळतो. तार दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो, आणि इतके जड शरीर ऐनवेळी वळत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेने थरमधल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात केलेल्या अभ्यासानुसार तिथे तारांमुळे वर्षाला अंदाजे ८४ हजार पक्षी मरतात. त्यांत करकोचे आहेत, गिधाडे आहेत, तिलोरही आहेत.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने माळढोकाच्या अधिवासातल्या तारा शक्य तिथे जमिनीखालून नेण्याचा आणि बाकीच्या तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलून हे ठरवण्याचे काम तज्ज्ञ समितीकडे सोपवले. सौरऊर्जेची देशाला गरज आहे, यात वाद नाही. खीचनपासून फार दूर नसलेल्या भडला सौर उद्यानाची क्षमता २,२४५ मेगावॉट आहे. प्रश्न आहे तो जागेचा. माळढोकाची वीण ज्या थोड्या रानांत उरली आहे, तेवढी वगळूनही राजस्थानात ऊन भरपूर आहे.

दुसरीकडे आशेचे काम चालू आहे. २०१९ मध्ये सम येथे माळढोकाचे प्रजनन केंद्र सुरू झाले, पुढे रामदेवरा येथे दुसरे झाले. रानातून काळजीपूर्वक उचललेली अंडी उबवून पिल्ले वाढवली जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. केंद्रातली पिल्ले उद्या रानात सोडायची तर रान शिल्लक असायला हवे, हे मात्र विसरून चालणार नाही.

जाणाऱ्यांसाठी

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. जोधपूरला रेल्वेने उतरून खीचन, जैसलमेर, बिकानेर आणि शेवटी चुरू जिल्ह्यातले ताल छापर अशी वाट सोयीची पडते. ताल छापर जेमतेम सात चौरस किलोमीटरचे अभयारण्य, पण तिथल्या गवतात काळविटांचे कळप असतात आणि संध्याकाळी भोवत्या रात्रीच्या मुक्कामासाठी जमिनीवर उतरतात. प्रत्येक ठिकाणी दोन सकाळी तरी हातात ठेवा. पहाटेसाठी जाड लोकरी कपडे, कानटोपी. दुपारसाठी सुती कपडे, टोपी आणि भरपूर पाणी लागते. सीमेलगतच्या भागात परवानगीशिवाय जाता येत नाही, ते आधी विचारून घ्या.

वाटाड्या गावातलाच घ्या. त्याला कुठल्या नाडीवर पखुर्ड्या येतात ते ठाऊक असते, आणि पक्षी राखण्यातून गावाला चार पैसे मिळाले तर ओरण राखायलाही बळ येते. ठरलेला रस्ता सोडून जीप गवतात घालू नका. चाकाखाली सेवण मोडते आणि माळढोक दूर पळतो. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका, ड्रोन उडवू नका. खरकटे रानात टाकू नका, कारण त्यावर कुत्री पोसली जातात आणि तीच कुत्री पुढे अंडी आणि पिल्ले खातात. जे पाहिले त्याची तारीख, ठिकाण आणि संख्या ई-बर्डसारख्या खुल्या नोंदवहीत टाका. अशा हौशी नोंदींवरूनच कोणती जात कुठे घटते आहे, हे अभ्यासकांना कळते.

थरचा धडा महाराष्ट्राला थेट लागू पडतो. माळढोकासाठी सोलापूर-नगर भागात नान्नजचे अभयारण्य १९७९ सालीच झाले, आणि आज तिथे माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. आपल्याकडची माळरानेही कागदावर पडीकच आहेत. सरकारी वृक्षारोपण, प्लॉट, खाणी, सगळे आधी त्यांच्यावरच येते. म्हणून थरची सहल करून आलात की एक काम जरूर करा: आपल्या तालुक्यातल्या एखाद्या माळावर हिवाळ्याच्या सकाळी जा, तिथे कोणते पक्षी येतात ते लिहून ठेवा, आणि ती यादी ग्रामपंचायतीपुढे आणि वनखात्यापुढे मांडा. माळावर कोणाचा मुक्काम असतो हे कागदावर आले नाही, तर तो माळ रिकामाच समजला जातो.